अलॉय बदलताना आधी माप, मग रूप

२२५/४५ आर१७ (रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) टायरचा व्यास साधारण ६३४ मिमी. १८ इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं) घालायचे तर २२५/४० आर१८ घ्या. ६३७ मिमी भरतो, स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. ऑफसेट (चाकाची मध्यरेषा आणि गाडीला टेकणारी बाजू यांतलं अंतर, मिमीत) ४५ वरून ३५ केला की चाक १० मिमी बाहेर येतं. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे माणसं बसवून टायर कुठे घासतोय का बघा. अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यापेक्षा) मोठं असेल तर फट भरणारी रिंग बसवाच, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि बोल बिचाऱ्या बॅलन्सिंगवाल्याला. नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचनेच (नेमका जोर मोजून आवळणारा पाना) आवळा; ८०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा.

टर्बो इंजिनाचं रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) त्यानंतर. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढला की झिजलेले स्पार्क प्लग मिसफायर करतात, म्हणजे ठिणगी चुकते, ते आधी बदला. क्लच आताच घसरत असेल तर रिमॅप तूर्त नकोच.