आकाशातलं दुसरं विमान दिसत नाही? या चुका टाळा

हिवाळ्यातली सकाळ. खाली गुऱ्हाळांचा धूर आणि पंचगंगेवरचं धुकं मिसळलेलं, आम्ही छोट्या विमानातून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाकडे परतत होतो. रेडिओवर ‘ट्रॅफिक, टू ओ’क्लॉक’ आलं, म्हणजे जवळपास दुसरं विमान, घड्याळासारखे नाकासमोर बारा धरून उजवीकडे दोनवर. बघितलं तर काचेवर एक चिलट. शेजारी बसलेले, उड्डाण शिकवणारे सर म्हणाले, “डोकं हलवून बघ की!” हलवलं, पण ठिपका चिलटासारखा काचेला चिकटून राहिला नाही; डोक्याबरोबर काचेवरून सरकला. ते विमान होतं!

चूक माझी एकट्याची नाही. आपली नजर हलणारी वस्तू शोधते. पण जे विमान धडकण्याच्या मार्गावर असतं, ते काचेत एकाच जागी राहतं आणि फक्त मोठं होत जातं, तेही शेवटच्या काही सेकंदांत. सरकणाऱ्या ठिपक्यापेक्षा न सरकणाऱ्याला घाबरा. दोघंही १०० नॉटने (ताशी साधारण १८५ किलोमीटर) समोरासमोर येत असाल, तर सेकंदाला शंभरेक मीटर अंतर कमी होतं. दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान वळणं यात साधारण १२.५ सेकंद जातात असं धरतात. म्हणजे सव्वा किलोमीटर गेलंच.

दुसरी चूक, नजर झाडूसारखी फिरवणं. फिरत्या डोळ्याला बारीक ठिपका दिसत नाही. दहा-दहा अंशांचे तुकडे करा, प्रत्येकावर सेकंदभर थांबा. रिकाम्या आकाशाकडे बघताना डोळा नकळत जवळचं बघायला लागतो. मधूनमधून जोतिबाच्या डोंगरासारखं लांबचं काही बघून घ्या.

शिरोली नाक्यावर कारच्या खांबाआड अख्खी बुलेट लपते, तसंच विमानाच्या काचेच्या चौकटीआडही होतं. मान पुढे-मागे करा. वळायच्या आधी त्या बाजूला बघा. पंख वर असलेल्या विमानात नंतर तोच आड येतो. इथली धावपट्टी ०७/२५, म्हणजे तिची दोन टोकं साधारण ७० आणि २५० अंशांच्या दिशेची. डिसेंबरात संध्याकाळी २५ वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरताना सूर्य जवळजवळ नाकासमोर, तेव्हा दुप्पट सावध.

आणि आजूबाजूची विमानं दाखवणाऱ्या कॉकपिटमधल्या पडद्यावर विसंबू नका. १९९६ मध्ये हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन विमानांच्या हवेतल्या टकरीत ३४९ माणसं गेली, त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळायला इशारा देणारं टीकॅस हे उपकरण सक्तीचं झालं. पण ट्रान्सपॉन्डर (आपली ओळख रेडिओवरून कळवणारं यंत्र) बंद असलेलं विमान त्यालाही दिसत नाही. घार तर नाहीच नाही.

उड्डाणाआधी काच मात्र कोरड्या फडक्यानं पुसू नका. ती बहुधा ॲक्रिलिकची असते, ओरखडे पडतात आणि उन्हात तेच चमकतात. भरपूर पाणी, मऊ कापड, आणि चिलटं आधी भिजू द्या.