'जांभई येऊन राहिली' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

नागपुरातल्या महाल भागात माझ्या घराच्या वरच्या खोलीत दुपारी तीनला स्पोकन इंग्लिशची बॅच असते. मे महिना, पारा ४५ अंशांवर, नुकतंच जेवण झालेलं आणि समोर कूलरचा गार वारा. पुढच्या रांगेत एकाला जांभई आली की ती शेवटच्या रांगेपर्यंत जातेच. अशाच एका दुपारी इतवारीत किराणा दुकान सांभाळणारा माझा एक विद्यार्थी धिटाईनं उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, यॉन इज कमिंग टू मी." कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना ते बरोबरच वाटलं होतं. त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवून मी हा एकच शब्द शिकवला.

मराठीत जांभई 'येते'. ती येणारी, आणि आपण नुसते 'मला'. इंग्रजीत जांभई माणूस देतो, आणि 'जांभई देणे' एवढं सगळं 'यॉन' या एकाच क्रियापदात मावतं. म्हणून 'कमिंग'ही नको आणि 'टू मी'ही नको. 'आय ॲम यॉनिंग', झालं वाक्य. आपल्या नागपूरकरांना तर हे सोपं जायला हवं. पुण्याकडचे 'जांभई येतेय' म्हणतात, आपण 'येऊन राहिली' म्हणतो. वाक्यात हे 'राहिली' आलं की इंग्रजीत 'इंग' लावायचं. जांभयांवर जांभया येऊन राहिल्या असतील तर 'आय कीप यॉनिंग' किंवा 'आय कान्ट स्टॉप यॉनिंग'. आळोखेपिळोखे देत जांभई दिली, तर 'ही स्ट्रेच्ड अँड यॉन्ड'. इथे 'यॉनेड' म्हणू नका, शेवटी फक्त हलका 'ड'.

उच्चाराकडे मी फार लक्ष देते. स्पेलिंगमध्ये वाय, ए, डब्ल्यू, एन पाहून मुलं 'यान' किंवा 'याऊन' म्हणतात. लॉन, डॉन, ड्रॉ, सॉ या शब्दांत ए-डब्ल्यूचा जसा लांब 'ऑ' होतो, तसाच इथे. लॉनमधला 'ल' काढून 'य' ठेवा. 'यार्न' वेगळा, त्याचा अर्थ सूत. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये जिथे एम्प्रेस मिल सुरू केली, त्या शहरातल्या मुलांनी सूत आणि जांभई यांत गोंधळ करू नये, असं मला मनापासून वाटतं.

यॉन नाम म्हणूनही चालतं. 'ही सेड विथ अ यॉन', म्हणजे तो जांभई देत म्हणाला. जांभई दाबायची असेल तर 'स्टायफल': 'शी स्टायफल्ड अ यॉन'. आयुर्वेदात जे १३ वेग अडवू नयेत असं सांगितलं आहे, त्यांत जृंभा म्हणजे जांभईही आहे. त्यामुळे माझ्या वर्गात कुणी जांभई दाबलेली मला आवडत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. इंग्रजी वर्तमानपत्रात 'अ यॉनिंग गॅप' असं वाचायला मिळतं. एका मुलीनं त्याचं 'जांभई देणारी फट' असं भाषांतर केलं होतं. तिला मी विचारलं, दरीसाठी आपण मराठीत काय म्हणतो? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आ वासून." अगदी तेच! या शब्दाच्या जुन्या इंग्रजी रूपाचा अर्थच तोंड मोठं उघडणं असा होता. त्यातून जांभईही आली आणि आ वासलेली दरीही. 'अ यॉनिंग गॅप बिटवीन रिच अँड पुअर' म्हणजे गरीब-श्रीमंतांमधली आ वासलेली दरी. तिथे झोपेचा किंवा कंटाळ्याचा काही संबंध नाही.

कंटाळ्याचा संबंध येतो तो 'द मीटिंग वॉज अ यॉन' या वाक्यात. मीटिंग अगदी रटाळ झाली, असा त्याचा अर्थ. हे मित्रांत म्हणा, साहेबांसमोर नको.

शब्दकोशात 'ऑसिटेशन'ही सापडेल. लॅटिनमधून आलेला, अर्थ जांभईच. बोलताना तो कुणी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

माझ्या सासूबाई जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवतात. मुलाखतीच्या खोलीत चुटकी नको. तोंडावर हात धरा आणि हळूच 'एक्सक्यूज मी' म्हणा. खरंच जागरण झालं असेल, तर पुढे 'सॉरी, आय डिडन्ट स्लीप मच लास्ट नाइट' एवढं जोडा. किराणा दुकानवाल्या त्या मुलाकडून हे वाक्य मी दहा वेळा म्हणवून घेतलं.