लेयर यादीत आहे, पण नकाशावर दिसत नाही? क्यूजीआयएसमध्ये या चुका टाळा

सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) किंवा शेपफाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये लोड केली, यादीत लेयरचं, म्हणजे डेटाच्या थराचं नाव आलं, पण नकाशा कोराच. अशा वेळी तीच फाइल पुन्हा पुन्हा लोड करण्यात अर्थ नसतो. खाली बेसमॅप (पार्श्वभूमीचा तयार नकाशा) लावा, लेयरवर राइट क्लिक करून 'झूम टू लेयर' दाबा आणि डेटा कुठे जाऊन पडलाय ते बघा. त्या जागेवरून चूक ओळखता येते.

पुण्याचे बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला बेअर बेटालगतच्या समुद्रात सापडले, तर एक्स आणि वायची अदलाबदल झाली आहे. बोलताना आपण 'लॅट-लाँग' म्हणतो आणि रकानेही त्याच क्रमाने भरतो. एक्समध्ये रेखांश (७३.८५) आणि वायमध्ये अक्षांश (१८.५२) हवा.

अख्खा जिल्हा मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्ताजवळ ठिपक्याएवढा झाला असेल, तर अंशांतल्या डेटावर ईपीएसजी ३२६४३ हे मीटरचं लेबल लागलं आहे (ईपीएसजी म्हणजे कोऑर्डिनेट पद्धतीचा, अर्थात सीआरएसचा क्रमांक). ७३ अंशांचे ७३ मीटर झाले! हा घोळ बहुधा 'सेट लेयर सीआरएस'मुळे होतो. त्याने फक्त लेबल बदलतं, आकडे तसेच राहतात. आधी मूळ ईपीएसजी ४३२६ (अंशांचं लेबल) परत लावा आणि मगच आकडे खरोखर बदलणारं 'रीप्रोजेक्ट लेयर' चालवा. लेयरपुढे प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर शेपफाइलसोबतची, सीआरएसची नोंद ठेवणारी पीआरजे फाइल कॉपी करायची राहिली का ते तपासा.

सगळ्यात फसवी चूक विदर्भात होते. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेचा महाराष्ट्र यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या) ४३ उत्तर झोनमध्ये येतो, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. नागपूर, वर्धा, चंद्रपूर ४४ उत्तरमध्ये, म्हणजे ईपीएसजी ३२६४४. सवयीने ३२६४३ निवडलंत की नागपूर थेट गुजरातेत, बारडोलीजवळ जाऊन बसतं. आकार आणि क्षेत्रफळ ठीकठाक दिसतं, त्यामुळे बेसमॅप नसेल तर पत्ताच लागत नाही.

डेटा जागेवर पडला, पण जॉइन (सामाईक रकान्यावरून दोन तक्ते जोडणं) रिकामा आला, तर संशय एक्सेलवर घ्या. गट नंबर १२/३ ची ते परस्पर तारीख करून टाकतं. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून मग आकडे भरा. मागाहून फॉरमॅट बदलून मूळ नंबर परत येत नाही. मराठी नावांसाठी 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, नाहीतर गावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते. 'लोकसंख्या'मधलं जेमतेम 'लोक' उरतं. जिओपॅकेज हा शेपफाइलला पर्यायी फॉरमॅट असताना हा त्रास का सोसायचा, हे मला तरी कळत नाही.

सीएसव्हीत रोज भर पडत असेल, तर ती 'डिलिमिटेड टेक्स्ट'मधून लोड करताना 'वॉच फाइल'वर टिक करा, म्हणजे फाइलमधले बदल लेयरमध्ये आपोआप येतात. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवरून न्यायचा असेल, तर पाथ 'रिलेटिव्ह' (प्रोजेक्टच्या जागेपासून मोजलेला) ठेवा आणि डेटा त्याच फोल्डरमध्ये असू द्या.