संगणकावर ऑर्गन वाजवताना आवाज तुटू नये म्हणून

मराठवाड्यात राहून पाइप ऑर्गन शिकू पाहणाऱ्याला खरे वाद्य सरावासाठी मिळणे फार अवघड आहे. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये असा ऑर्गन आहे, पण जालना किंवा परभणीहून रोजच्या रियाजासाठी तिथे जाणे कोणालाच शक्य नाही. त्यामुळे आमच्या भागात उपासनेसाठी वाजवणाऱ्या मुलामुलींचा खरा आधार संगणकच आहे. हॉप्टवर्क किंवा मोफत मिळणारे ग्रँडऑर्ग या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या जुन्या ऑर्गनच्या प्रत्येक नळीचा आवाज स्वतंत्र ध्वनिमुद्रित केलेला असतो आणि मिडी कीबोर्डवरची (संगणकाला जोडायच्या पेटीसारख्या कीबोर्डवरची) पट्टी दाबताच तो वाजतो. मात्र वाजवताना मध्येच 'टक्' असा आवाज येतो किंवा सूर क्षणभर तुटतो, आणि बहुतेक नवशिके लगेच नवा, महागडा संगणक घ्यायला निघतात. जालन्यात अनेकांना ही व्यवस्था लावून देताना माझे मत असे झाले आहे की खरेदीच्या आधी आवाज नेमका कशामुळे तुटतो हे शोधावे, कारण वेगवान संगणकातही हा दोष राहू शकतो.

त्याचे कारण संगणकाच्या कामाच्या पद्धतीत आहे. तो आवाज सलग न पाठवता लहान लहान तुकड्यांत तयार करतो. आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे म्हणजे नमुने, आणि एका तुकड्यात मावणारे नमुने म्हणजे बफर. नमुन्यांचा दर सेकंदाला ४८,००० आणि बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर प्रत्येक तुकडा साधारण ५.३ मिलिसेकंदांत तयार झालाच पाहिजे. हजार तुकडे वेळेत झाले आणि एकाला उशीर झाला, तरी तो एक उशीर कानाला ऐकू येतो. इथे सरासरी वेगापेक्षा वेळ पाळणे महत्त्वाचे आहे, आणि ती कधी व का चुकते हे पुष्कळदा नुसत्या कानानेही ओळखता येते.

एकच स्टॉप (नळ्यांचा एक संच चालू करणारी खुंटी) उघडून एक स्वर बराच वेळ धरून ठेवावा. एवढ्या हलक्या कामातही अधूनमधून टकटक येत असेल, तर दोष प्रोसेसरच्या ताकदीचा नसून बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकाचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा असतो. तो प्रोसेसरला मध्येच अडवून ठेवतो. याउलट थोड्या स्टॉपवर आवाज स्वच्छ असेल आणि सगळे स्टॉप उघडून दोन्ही हातांनी व पायांनी वाजवल्यावरच तुटत असेल, तर भार खरोखर जास्त आहे. आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनमध्ये धातूचे मोजके सूर (रीड) असतात. पाइप ऑर्गनमध्ये मात्र एकाच कीबोर्डला लागू असलेले वीस स्टॉप उघडून आठ पट्ट्या दाबल्या, तर साधारण १६० नळ्या एकदम बोलतात, आणि पट्टी सोडल्यावरही चर्चमधला घुमारा काही सेकंद चालू राहत असल्याने जलद चालीत एकाच वेळी वाजणाऱ्या आवाजांची संख्या कित्येक पटींनी वाढते. अशा वेळी ग्रँडऑर्गमधली एकाच वेळी वाजणाऱ्या आवाजांची मर्यादा थोडी कमी करावी किंवा कमी घुमाऱ्याचा सॅम्पल सेट (एका ऑर्गनच्या ध्वनिमुद्रित आवाजांचा संच) निवडावा. अडखळण्याबरोबर डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर रॅम अपुरी पडत असण्याची शक्यता मोठी, कारण सॅम्पल सेट रॅममध्येच राहावा लागतो; एसएसडी या वेगवान डिस्कने तो लवकर चढतो, पण रॅमची उणीव भरून निघत नाही. पूर्ण ऑर्गन वाजवताना आवाज न तुटता नुसता फाटत असेल, तर तिथे वेळेचा प्रश्नच नाही. सॉफ्टवेअरमधला आउटपुट कमी केला की काम होते.

ड्रायव्हरचा संशय असल्यास विंडोजवर लेटन्सीमॉन हे मोफत साधन अर्धा तास चालू ठेवावे. प्रोसेसरला कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो हे ते नावानिशी दाखवते, आणि वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्यात वारंवार सापडतो. वाजवताना वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे, पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स'वर न्यावे, यूएसबीची झोप घेण्याची सोय बंद करावी आणि सॅम्पल सेटचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावे. ऑडिओ इंटरफेस (आवाज बाहेर काढणारे वेगळे उपकरण) हबमधून न जोडता थेट संगणकाला जोडावा आणि कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने पाठवणारा) वापरावा. प्रत्येक वेळी एकच बदल करून पुन्हा तीच चाल वाजवून पाहावी; सगळे एकदम बदलले की गुण कशाने आला हे कळत नाही. लिनक्स जमत असेल त्यांनी तेही जरूर पाहावे, कारण रिअल-टाइम कामाची, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकण्याची सोय २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीपासून मूळ कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आली आहे.

आता आपल्याकडच्या परिस्थितीविषयी, कारण परदेशी मार्गदर्शनात हे सहसा सापडत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, म्हणून सकाळी निर्दोष वाजलेली रचना दुपारी तुटू लागते. पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ हा त्रास आणखी वाढवते; उन्हाळ्याआधी ती साफ करून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि पुष्कळदा त्याच क्षणी वेग उतरवतो, तेव्हा बॅटरीसाठीचे पॉवर सेटिंगही वेगळे तपासावे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकरमधून सलग गुणगुण येऊ शकते. तिचा बफरशी काहीही संबंध नसतो आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतल्यावर ती बहुधा जाते.

बफर किती ठेवावा, यावर नवशिके गरजेपेक्षा जास्त काळजी करतात. ४८,००० दराने ५१२ नमुन्यांचा बफर सुमारे १०.७ मिलिसेकंद घेतो. खऱ्या चर्चमध्ये नळ्या दहा मीटर दूर असतील, तर आवाज वादकापर्यंत पोहोचायलाच सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. म्हणून माझा आग्रह असतो की ५१२ पासून सुरुवात करावी, आवाज तुटल्यास १०२४ करावा, आणि कमी आकडा गाठण्याच्या हट्टाने वाद्य अस्थिर करू नये. एवढे सगळे करूनही रॅम कमी पडलीच, तर संगणक न बदलता आधी ती वाढवावी, आणि तीही शक्यतो सारख्या दोन पट्ट्यांच्या जोडीने, कारण शेकडो आवाज एकदम उचलताना रॅमपर्यंतची वाट जितकी रुंद तितके चांगले. व्यवस्था एकदा बसली की त्या डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवावी आणि रविवारच्या उपासनेच्या आधल्या रात्री विंडोजला कोणतेही अपडेट करू देऊ नये.