दिवाळीत दोन पोरांसोबत किल्ला: भुईकोट करा, आणि तडकू देऊ नका

दिवाळीचा किल्ला म्हटलं की लोक दगडांचा ढीग रचतात, वर पोतं टाकतात, पोत्यावर चिखल ओततात आणि त्याला रायगड म्हणतात. घरात एकच मूल असेल तर हे निभावतं. दोन पोरगे असतील तर नाही. डोंगराला शिखर एकच असतं आणि महाराजांचं सिंहासन तिथंच ठेवायचं असतं. ते कुणी ठेवायचं यावरून आमच्याकडं धाकट्यानं थोरल्याच्या दंडाला चावा घेतलेला आहे, तोही ऐन वसुबारसेला, पाहुण्यांसमोर.

तेव्हापासून आम्ही भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला, करतो. सोलापुरात राहून भुईकोट न करणं तसंही मला कळत नाही. शहराच्या मधोमध अख्खा नमुना उभा आहे! एका रविवारी सकाळी पोरांना तिथं घेऊन जा. आत-बाहेर असे दोन तट, तीन बाजूंनी खंदक आणि चौथ्या बाजूला सिद्धेश्वर तलाव, एवढं त्यांना दाखवा. बाकीचं ती स्वतःच बघतात. परत आल्यावर थोरल्यानं विचारलं होतं, "हा किल्ला महाराजांनी बांधला का?" नाही बांधला. तो बहमनी काळातला आहे. पुढं अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही त्याच्यावरून भांडत राहिल्या, आणि चांदबीबीच्या लग्नात तो आदिलशहाला आंदण म्हणून गेला. आंदणात किल्ला, हे ऐकून पोरं जी हसली! "मग आपल्या किल्ल्यात महाराज कसे?" आपल्या अंगणातल्या किल्ल्यात महाराजच असतात, विषय संपला.

भुईकोटाला शिखर नसतं, बुरूज असतात. दोन बुरूज थोरल्याचे, दोन धाकट्याचे. दरवाजा दोघांचा आणि सिंहासन आजीचं. हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

जागा 4 फूट बाय 4 फूट पुरते. वर छप्पर किंवा सज्जा हवा. दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस कधी येईल नेम नसतो. जमिनीवर आधी जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, नाहीतर फरशीवरचे डाग पुढच्या दिवाळीपर्यंत राहतात.

सांगाडा अर्ध्या तासाचं काम आहे. आतला तट विटांच्या दोन थरांचा, बाहेरचा एका थराचा आणि दोन्हींच्या मधे पोराचं पाऊल मावेल एवढी वाट. 50 विटा भरपूर होतात, अर्ध्या-तुकड्या चालतात. बुरुजांसाठी तुटक्या मातीच्या कुंड्या उलट्या ठेवा. खाली रुंद, वर निमुळत्या, अगदी बुरुजाच्याच घाटाच्या असतात. रंगाचे रिकामे डबे वापरणार असाल तर त्यांना ओलं बारदान गुंडाळून सुतळीनं आवळा, कारण पत्र्यावर माती धरत नाही.

आता माती. पुढचं सगळं मी नाक घासून शिकले आहे, तेव्हा नीट वाचा.

पहिल्या वर्षी मी मोहोळजवळच्या एका शेतातून पोतंभर काळी माती आणली. किल्ला करणारे बरेच लोक सांगतात की काळी माती चिकट असते म्हणून उत्तम. लिंपताना ती खरोखर उत्तम वाटते. लोण्यासारखी बसते, हात फिरवला की गुळगुळीत होते, पोरं खूश, आपण खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी केसाएवढ्या रेघा दिसल्या. तिसऱ्या दिवशी त्या रेघांत पोरांनी काडेपेटीतल्या काड्या उभ्या केल्या. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पश्चिमेचा अख्खा तट खपली निघावी तसा विटांपासून सुटला आणि तीन मावळ्यांसकट खंदकात गेला. धाकटा दुपारपर्यंत रडत होता. चकली समोर धरली तरी तोंड उघडेना.

चूक मातीची नव्हती. आपल्याकडची काळी ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, तो तिचा स्वभावच आहे. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणानं. तीच माती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते, म्हणून मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी रब्बीत नुसत्या ओलीवर उभी राहते. पिकाला जे वरदान, तेच भिंतीला भोवतं. विटेवर थापलेली काळी आक्रसायला लागते, वीट जागची हलत नाही, मग माती फाटते. दुसरं काही होऊच शकत नाही.

सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. त्यांचं बालपण माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात गेलं. म्हणाल्या, "अगं, नुसत्या काळीनं कधी भिंत लिंपतात का? काळीत पीक घ्यायचं, पांढरीत घर बांधायचं." गावाकडं भिंतींना आणि माळवदाला पांढरी माती वापरत, आणि तिच्यात काड घालून, भिजवून, तुडवून गारा करत. शहरात पांढरी कुठून आणणार? पण मुरूम मिळतो. कुठंतरी रस्त्याचं नाहीतर घराचं काम चालू असतंच. विचारून तीन-चार घमेली आणा.

माझं आजचं प्रमाण असं आहे. चाळलेला मुरूम 3 घमेली, काळी माती 1 घमेलं आणि कडब्याची कुट्टी अर्धं घमेलं. किल्ला मोठा असेल तर सगळंच दुप्पट घ्या. काळी फक्त चिकटपणापुरती लागते. आकार मुरूम सांभाळतो, आणि कुट्टी त्या सगळ्याला आतून टाके घातल्यासारखं धरून ठेवते. कुट्टी कुठल्याही गोठ्यावर मागितली तर मिळते. गव्हाचा भुसा चालतो, लाकडाचा भुसा अजिबात नको, त्याला ना लांबी ना ताण. मुरूम चाळायचा कंटाळा करू नका. त्यात काचा आणि बाभळीचे काटे निघतात, आणि तो पोरं अनवाणी तुडवणार आहेत.

प्रत्येक ठिकाणची माती वेगळी असते, म्हणून माझ्या प्रमाणावरही आंधळा विश्वास ठेवू नका. आधी तळहाताएवढ्या तीन भाकऱ्या थापा. एकीत काळी जरा जास्त, एकीत सांगितल्याएवढी, एकीत कमी. सावलीत दोन दिवस वाळू द्या. जी तडकली तिच्यात काळी जास्त झाली, बोटानं घासल्यावर जिचा चुरा पडतो तिच्यात कमी पडली. भाकऱ्या थापायचं काम पोरांना द्या. आमचा धाकटा त्यांच्यावर काडीनं नंबर घालतो आणि सकाळी उठल्या उठल्या दात न घासता बघायला पळतो.

प्रमाण ठरलं की कुट्टीसकट सगळं कालवून ओल्या बारदानाखाली दोन दिवस मुरू द्या. थोडा वास येईल, येऊ दे. शाळेची सहामाही परीक्षा नेमकी याच दिवसांत असते, आणि गारा मुरताना पोरांची गरज नसते, हे बरंच आहे. शेवटचा पेपर झाला की संध्याकाळी दोघांना चड्डीवर गाऱ्यात उतरवा. अर्धा तास तरी तुडवू दे. कुट्टी गोळ्यागोळ्यांनी राहिली नाही पाहिजे. सबंध दिवाळीत आमच्याकडं सगळ्यात जास्त हसू याच अर्ध्या तासात येतं. शेजारच्या अक्का गॅलरीतून तेलुगूत काहीतरी ओरडत असतात आणि दहा मिनिटांनी त्यांचा नातूही चिखलात असतो.

लिंपायच्या आधी विटा आणि कुंड्या पाण्यानं चिंब करा. नुसतं शिंपडून भागत नाही. कोरडी वीट गाऱ्यातलं पाणी ओढून घेते, मग थर वरून छान दिसतो आणि आतून सुटलेला असतो. लिंपण दोन थरांत. पहिला बोटभर जाडीचा आणि मुद्दाम खडबडीत, त्यावर जुन्या कंगव्यानं आडवे ओरखडे काढून ठेवा. तो पुरता वाळू द्या, दोन दिवस तरी. त्यात बारीक भेगा पडल्या तर घाबरू नका, दुसरा थर त्या भरून काढतो. दुसरा थर पातळ, अर्ध्या बोटाचा. त्याआधी पहिल्या थरावर पाण्याचा हात फिरवा. एकाच दमात चार बोटं थापणारे लोक मी दरवर्षी बघते, आणि दरवर्षी पाडव्याला त्यांचे किल्ले सोललेले असतात.

वाळणं सावलीत, सावकाश. ऑक्टोबरचं आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी बाराला किल्ल्यावर ऊन आलं तर वरचा थर तासाभरात कोरडा आणि आतला ओला राहतो. पहिला दिवस ओलं बारदान पांघरून ठेवा. पंखा लावू नका. हेअर ड्रायर लावणारे एक गृहस्थ आमच्या गल्लीत आहेत, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

"थोडं सिमेंट घाला" असं सांगणारा कुणी ना कुणी येईलच. त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. सिमेंटनं पोरांच्या हातांची आग होते, आणि नंतर तो किल्ला फोडायला छिन्नी लागते. पीओपीचा तयार किल्ला विकत आणायचा असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

शेवटी शेणात काव कालवून पातळ सारवण. शेणाला पोरं नाक मुरडतात, पण कुणीतरी एकानं हात घातला की दुसरा मागं राहत नाही.

खंदकात पाणी हवंच असतं. तळाशी प्लास्टिक घाला, कडेनं वर घेऊन मातीखाली दाबा, आणि पाणी फक्त पाहुणे येणार त्या संध्याकाळी सोडा, सकाळी कपानं उपसा. रोज भरून ठेवलंत तर तटाचा पाया विरघळतो. एका वर्षी पोरांनी नळदुर्गला बोरी नदीवरच्या बांधातला पाणी महाल आणि पावसाळ्यातले नर-मादी धबधबे बघितले आणि घरीही तसंच धरण हवं म्हणून हट्ट धरला. केलं. दोन बाटल्या, एक नळी. सव्वा मिनिट चाललं. तेवढ्यात थोरल्यानं व्हिडिओ काढला म्हणून निभावलं.

हिरवळीसाठी अळीव. वसुबारसेच्या आधी चार-पाच दिवस, दोन तटांमधल्या वाटेवर ओल्या मातीत विस्कटून द्या, वर माती टाकू नका. स्प्रेनं पाणी मारा, तांब्यानं नाही, दाणे वाहून एका कोपऱ्यात जमतात. पाणी मारण्याची पाळी लावून द्या: सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. पाळी नाही लावली तर दोघंही मारतात आणि अळीव कुजतं.

मावळे सोलापुरातल्या कुंभार वेशीतून आणा. पोरांना बरोबर घेऊन जा आणि दोघांना सारखे पैसे द्या, मोजून. थोरला तोफा घेईल, धाकटा वाघ आणि म्हशी घेईल, अडवू नका. आमच्या दरवाजावर तीन वर्षं हिरवा प्लास्टिकचा डायनासोर पहारा देतोय. मातीचा वाघ अळिवात ठेवायचा असेल तर खाली खापराचा तुकडा ठेवा, पाय भिजून गळतात.

विजेच्या माळा नकोत, पाणी आणि वायर एका जागी मला चालत नाही. बुरुजांवर पणत्या लावा, त्याही अळिवापासून लांब.

शेवटच्या दिवशी किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवायची पद्धत अनेक घरांत आहे. आमच्याकडं नाही. विटेचा तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही, आणि आठ दिवस राबून केलेला किल्ला एका क्षणात संपवणं मला आवडतही नाही. तुळशीचं लग्न झालं की मावळे काढून घ्यायचे, पाइपनं सगळा किल्ला भिजवायचा, आणि दोघांना परत चड्डीवर आत सोडायचं. गारा तुडवला तसाच तट तुडवू दे. तास-दीड तास लागतो. विटा धुऊन जिन्याखाली, कुंड्या परत जागेवर, आणि कुट्टी कुजलेली ती माती झाडांना घाला, मस्त लागते. थोडा गारा वाळवून डब्यात ठेवला तर पुढच्या वर्षी भाकऱ्या थापताना जुळवून बघायला उपयोगी पडतो.

मावळे मोजून घ्यायला मात्र विसरू नका. आम्ही एका वर्षी विसरलो. जानेवारीत, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, निघायच्या गडबडीत, सासूबाईंना तुळशीच्या कुंडीत एक भालदार सापडला. भाला शाबूत, मान गायब. धाकट्यानं त्याला खिशात घातलं आणि यात्रेतले सगळे पाळणे दाखवून आणलं.