आधी नखाएवढं, मग मोठं: कॅज्युअल गेमचं स्टोअर आर्ट

कॅज्युअल गेमचं आयकॉन करायला घेतलं की बहुतेक जण 1024 बाय 1024 चा कॅनव्हास उघडतात आणि मन लावून रंगवत बसतात. मी उलट्या टोकाकडून सुरुवात करते. आधी 64 पिक्सेलचा चौकोन. त्यात जे कळतं तेवढंच लोकांना दिसणार, बाकीचं आपलं आपल्याला कौतुक. गेम शोधणारा माणूस यादी भराभर सरकवत असतो आणि त्याच्या अंगठ्याखालून तुमचं चित्र आजूबाजूच्या गर्दीसकट निघून जातं.

एक गेम धरून चालू. समुद्रकिनाऱ्यावरचा खेकडा सारखे दिसणारे शिंपले जोडून मोठे शिंपले बनवतो, असा. डेव्हलपरच्या ब्रीफमध्ये हमखास सगळं असतं: खेकडा, शिंपले, लाटा, मावळता सूर्य आणि जमलंच तर गेमचं नाव. यातलं एकच उचलायचं. मी खेकडा घेते, कारण डोळे असलेल्या गोष्टीकडे नजर आधी जाते. नावाची तर आयकॉनवर गरजच नाही, ते शेजारी लिहिलेलं असतंच.

खेकड्याला नांग्या धरून दहा पाय. 64 पिक्सेलमध्ये नांग्या सोडून उरलेले आठ पाय म्हणजे नुसता केसांचा गुंता, म्हणून ते सरळ छाटायचे. दोन नांग्या, दोन डोळे, एक तोंड, बस्स. अंग खालच्या कडेला कापलं गेलं तरी चालतं, उलट तो चौकटीतून डोकावतोय असं वाटतं. डोळे अंगाच्या मानाने चांगले मोठे ठेवा. बुबुळातला पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, आणि तो छोट्या आकारातही टिकला पाहिजे. हिशोब सोपा आहे: 1024 चं 64 करताना सगळं सोळा पटींनी लहान होतं. म्हणजे मोठ्या कॅनव्हासवर 32 पिक्सेलपेक्षा बारीक असलेली कुठलीही रेघ किंवा ठिपका लहान झाल्यावर दोन पिक्सेलसुद्धा उरत नाही. कवचावरची नक्षी रंगवण्याआधी हा आकडा आठवा. मी नक्षीचे तीन ठसठशीत डाग ठेवते आणि पुढे जाते.

रंगाचं बघू. खेकडा केशरी, म्हणून मागे वाळू पिवळी, हे पहिलं सुचतं आणि तिथेच चित्र विरघळतं. निळसर हिरवं पाणी बरं. पण त्यावरही विश्वास टाकण्याआधी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, शून्यावर आणा. केशरी आणि हिरवट निळा हे रंग म्हणून कितीही वेगळे असले, तरी करड्यात दोघं एकच निघू शकतात. तसं झालं तर पाणी दोन-तीन पायऱ्या गडद करायचं, खेकड्याला हात लावायचा नाही. मग स्टोअरमध्ये तुमच्या प्रकारचे गेम शोधून त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यातल्या एका आयकॉनवर आपलं चिकटवा. लाइट आणि डार्क, दोन्ही थीमवर. सगळी यादीच निळी असेल तर तुमचं सुंदर निळं पाणी काही कामाचं नाही, जांभळ्याकडे वळा.

कोपरे गोल करून देऊ नका. ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअर दोन्ही आपापला मास्क लावतात, म्हणजे कोपरे स्वतःच कापतात, त्यामुळे पूर्ण चौकोन द्यायचा आणि कोपऱ्यात महत्त्वाचं काही ठेवायचं नाही. ॲप स्टोअरला 1024 चं, पारदर्शक भाग नसलेलं. प्ले स्टोअरला 512 चं पीएनजी. ‘क्रमांक एक’, ‘मोफत’, ‘सूट’ असले बिल्ले प्ले स्टोअरला नियमातच चालत नाहीत. चालले असते तरी मी लावले नसते, घाबरट दिसतात.

आता स्क्रीनशॉट. ॲप स्टोअरवर दहापर्यंत देता येतात, प्ले स्टोअरवर एका प्रकारच्या उपकरणासाठी आठपर्यंत. पण मेहनत पहिल्या तिनांवर घाला, शोधताना दिसले तर तेवढेच दिसतात. पहिली लेव्हल दाखवू नका, मेनू तर मुळीच नको. नुसतं शीर्षकाचं चित्र किंवा लॉगिनचं पान स्क्रीनशॉट म्हणून ॲपलच्या नियमात बसतही नाही. डेव्हलपरकडून डीबग बिल्ड, म्हणजे गेमची चाचणीसाठीची आवृत्ती, मागून घ्या, ज्यात घड्याळ थांबवता येतं आणि पटावर हवे ते शिंपले मांडता येतात. मांडणी अशी करा की पट अर्ध्याहून जास्त भरलाय आणि एकच चाल बाकी आहे. बघणाऱ्याला ती चाल स्वतःला दिसली की तो मनातल्या मनात खेळायला लागलेला असतो. गच्च भरलेल्या पटावर डोळा ठरत नाही आणि रिकाम्या पटावर थांबत नाही.

वर ओळ लिहायची तर चार-पाच शब्दांची, क्रियापदासकट: ‘शिंपले जोडा, मोती मिळवा’. गेम दुसऱ्या भाषांत जाणार असेल तर मजकुराचा लेयर वेगळा ठेवा आणि एकतृतीयांश जागा जास्त सोडा. देवनागरीत वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार असतात, तेव्हा रोमन अक्षरांसाठी लावलेलं ओळींमधलं अंतर पुरत नाही.

जे गेममध्ये नाही ते दाखवायचा मोह टाळा. 2020 मध्ये ब्रिटनच्या एएसए या जाहिरात नियामक संस्थेने ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’च्या दोन जाहिरातींना दिशाभूल करणाऱ्या ठरवून मनाई केली, कारण त्यात दाखवलेला खेळ मुख्य गेमसारखा नव्हता. स्टोअरच्या चित्रांतही फसलेला माणूस गेम काढून टाकतो आणि जाता जाता एक तारा देऊन जातो.

प्ले स्टोअरचं फीचर ग्राफिक, म्हणजे गेमची ओळख करून देणारं आडवं चित्र, 1024 बाय 500 चं असतं. व्हिडिओ जोडला तर त्यावर बरोबर मधोमध प्लेचं बटण येऊन बसतं, आणि नेमका तिथेच सगळे लोगो ठेवतात. खेकडा एका बाजूला, लोगो दुसऱ्या बाजूला, पण दोन्ही कडांपासून आत.

गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, जाणार असेल तर मात्र अर्धी शिकवण फिरवावी लागते. तिथल्या कॅप्सूलवर, म्हणजे यादीत गेमसाठी दिसणाऱ्या आडव्या चित्रावर, नाव लागतंच. लहान कॅप्सूल 462 बाय 174 ची करून द्यायची, पण ती दिसताना 120 बाय 45 इतकी आक्रसू शकते. म्हणून तिच्यात मी जवळजवळ सगळी जागा लोगोला देते आणि खेकड्याची फक्त नांगी ठेवते. 1 सप्टेंबर 2022 पासून तिथे कॅप्सूलवर परीक्षणांतली वाक्यं, पुरस्कार किंवा सवलतीचा मजकूर चालत नाही.

दोन पर्यायांत अडलात तर वाद घालू नका, चाचणी लावा. दोन्ही मोबाइल स्टोअरमध्ये मूळ चित्रासमोर तीनपर्यंत पर्याय लावता येतात. ॲपलकडे पर्यायी आयकॉन ॲपच्या बिल्डमध्येच असावे लागतात, हे डेव्हलपरला आधी सांगा, नाहीतर पुढच्या अपडेटपर्यंत बसून राहाल. पर्याय खरोखर वेगळे हवेत. पाण्याची छटा बदलून काही कळत नाही. एकीकडे हसरा खेकडा आणि दुसरीकडे नुसता उघडा शिंपला, असं लावा. शनिवार-रविवार धरून पूर्ण आठवडे चालू द्या, सुट्टीच्या दिवशी खेळणारे लोक वेगळे असतात.

फाइल देताना खेकडा, पार्श्वभूमी, लोगो आणि मजकूर वेगवेगळ्या लेयरवर, एक्स्पोर्ट एसआरजीबी या स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत. आणि खेकड्याच्या मागे झाकलेलं पाणीही रंगवून ठेवा. चौकोनी आयकॉनवरून आडवी कॅप्सूल बनवताना खेकडा सरकणार आहे, आणि त्याच्या जागी भोक दिसलं तर फोन तुम्हालाच येणार आहे.