वजनावर लक्ष ठेवून स्मूदी कशी करावी

घरी केलेली स्मूदी पौष्टिकच असणार, असे गृहीत धरून अनेक जण मिक्सरमध्ये दोन केळी, पेलाभर म्हशीचे दूध आणि दोन मोठे चमचे मध घालतात. त्यातून सुमारे ५०० कॅलरी, म्हणजे एखाद्या साध्या जेवणाइतकी ऊर्जा, पोटात जाते आणि अर्ध्या तासाने नेहमीचे पोहेही खाल्ले जातात. वजन आटोक्यात ठेवायचे असेल, तर स्मूदी न्याहारीच्या जोडीला न घेता न्याहारीऐवजी घ्यावी आणि तिच्यात फळांपेक्षा भाज्या अधिक असाव्यात.

एका मोठ्या पेल्यासाठी निवडून धुतलेला मूठभर पालक, सुमारे १०० ग्रॅम काकडी, मध्यम आकाराचा एक पेरू, अर्धी वाटी ताजे दही, चिवड्यात घालतो ते डाळे दोन मोठे चमचे, आल्याचा छोटा तुकडा आणि अर्ध्या लिंबाचा रस घ्यावा. काकडीची चकती आधी चाखून पाहावी, कारण एका कडू काकडीने सगळा पेला वाया जातो. पेरूच्या बिया मिक्सरमध्ये पूर्ण वाटल्या जात नाहीत आणि दाताखाली कचकचतात, म्हणून मधला बियांचा गाभा चमच्याने काढून ठेवावा आणि तो तसाच खाऊन टाकावा. साल मात्र काढू नये.

वाटण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. डाळे प्रथम कोरडेच फिरवून त्याची बारीक पूड करून घ्यावी, नाहीतर शेवटपर्यंत कणी राहते. त्यानंतर पालक, आले आणि पाव वाटी पाणी घालून पानांचे तुकडे दिसेनासे होईपर्यंत वाटावे आणि मगच काकडी व पेरू घालावेत. दही आणि लिंबाचा रस अगदी शेवटी घालून मिक्सर दोनतीन सेकंदच फिरवावा. जास्त फिरवल्यास वर फेसाचा जाड थर येतो. चिमूटभर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली, की साखरेची आठवण येत नाही. या पेल्यात साधारण २२५ ते २५० कॅलरी असतात. दही आणि डाळे यांतून प्रथिने मिळत असल्यामुळे नुसत्या फळांच्या स्मूदीपेक्षा भूकही उशिरा लागते.

स्मूदी कधीही गाळू नये. गाळणीत राहणारा चोथा हाच तंतुमय भाग असतो आणि तो काढून टाकला की उरतो तो केवळ गोड रस. मधाबद्दल आपल्याकडे उगाच श्रद्धा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधातील आणि फळांच्या रसातील साखर ही मर्यादित ठेवण्याच्या साखरेतच मोडते. गोडवा हवाच असेल, तर पेरूऐवजी पिकलेल्या पपईच्या चार फोडी घ्याव्यात.

पालकाऐवजी वाफवलेले गाजर किंवा लाल भोपळाही चालतो. दुधीभोपळा कच्चा वापरायचा असल्यास आधी त्याचा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि तो जराही कडू लागला, तर संपूर्ण दुधी टाकून द्यावा. त्या कडूपणामागचे द्रव्य विषारी असून त्यामुळे रक्ताच्या उलट्या होण्यापर्यंत प्रकृती बिघडू शकते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी कच्चा पालक रोज घेऊ नये, कारण त्यात ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असते. रक्त पातळ ठेवणारी औषधे किंवा मधुमेहाची औषधे सुरू असल्यास आहारातला हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

सकाळी घाई असेल, तर पालक आणि काकडी रात्री धुऊन, कोरडी करून डब्यात ठेवावी आणि डाळ्याची पूड आठवड्याची एकदम करून ठेवावी. पेरू मात्र ऐनवेळीच चिरावा आणि स्मूदी केल्याबरोबर, घोटाघोटाने प्यावी.